ओलं पोतं

भिंगार,
रविवार, २१ एप्रिल १९७४

प्रिय दानी,

आधी रागावून घेते, बाकीचं मग. अकरा महिने झाले तुला जाऊन आणि एक पोस्टकार्ड नाही. विल्सन भेटला नसता तर तू हुबळीला आहेस की आणखी कुठे, हे मला कळलंही नसतं. साखरेचा ट्रक घेऊन तो तिकडे गेला होता, वाटेत पाटा तुटला, आणि ज्या गॅरेजात त्याने गाडी लावली तिथे एका ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय त्याला दिसले. पायांवरून ओळखलं म्हणे त्याने तुला. डाव्या घोट्यावर तो भाजल्याचा डाग आहे ना. तो डाग कसला हे विल्सनला ठाऊक नाही. तू दीड वर्षाचा होतास आणि माझ्या हातून चहाचं पातेलं कलंडलं होतं. तेव्हाही आईने विचारलं तर मी मांजराचं नाव सांगितलं होतं. विल्सन म्हणाला, तू वाळला आहेस, दाढी वाढवली आहेस, आणि घरचं एवढंच विचारलंस की अक्काचं डोकं अजून दुखतं का. दुखतं रे बाबा. ऊन चढलं की उजव्या बाजूला ठणकतं. पण ते मरू दे.

गेल्या रविवारी ईस्टर झाला. मी एक वाटी डाळ भिजवायची तर सवयीने दोन वाट्या भिजवल्या आणि पुरणपोळ्या तीन दिवस एकटीच खात बसले. शेजारणीला दिल्या असत्या, पण मग तिने तुझं विचारलं असतं. चर्चमध्ये मी आता मागच्या बाकावर बसते. पुढे आपल्या जागेवर बसलं की शेजारी तुझ्या अंगाचा ग्रीसचा वास नाही हे फार जाणवतं. किती भांडायची मी तुझ्याशी त्या वासावरून, रविवारी तरी साबण लाव म्हणून! आता रॉकेल घ्यायला दुकानात उभी राहिले तरी कुणा मेकॅनिकच्या मागे जाऊन उभी राहते. हसशील तू. हस.

तुझी घरगाडी दवाखान्यामागे लिंबाखाली उभी आहे. कुणी हात लावलेला नाही. पुढच्या चाकातली हवा गेली आहे, आणि तू ज्या सीटवर कुणाला बसू द्यायचा नाहीस तिच्यावर आपल्या डॉक्टर हार्लन साहेबांची कोंबडी अंडी घालते. ही गाडी अमेरिकेच्या चर्चने फिरत्या दवाखान्यासाठी बोटीने पाठवली तेव्हा मुंबईच्या गोदीतून नगरपर्यंत तूच ती आणलीस. डाव्या हाताचं स्टीअरिंग, आत दोन पलंग, हात धुवायचं भांडं, कपाटाएवढा संडास आणि छतावर गार हवेचं मशीन. भिंगारची पोरं तिला थंडगाडी म्हणायची. तू आठ दिवस जेवायला घरी आला नाहीस. एकदा मीच डबा घेऊन आले तर तू आतल्या पलंगावर मशीन लावून घोंगडी पांघरून पडला होतास, भर एप्रिलात, आणि मला म्हणालास, "अक्का, महाबळेश्वर आलंय घरी." मी अजून दुपारी कधी कधी तिथे जाऊन बसते. मशीन बंद, खिडक्या बंद, आत नुसती भट्टी. तरी बसते.

दानी, तुला कोल्हारचं घर आठवतं का? तुला कसं आठवणार, चार वर्षांचा तर होतास आई गेली तेव्हा. पण ते पोतं आठवत असेल. साखरेचं जुनं पोतं आई उलगडून दुहेरी शिवायची आणि फाल्गुन संपला की दाराला टांगायची. दुपारी बारा वाजले की प्रवरेचं पाणी त्यावर मारायचं. झळ बाहेर राहायची, आत गार वाटायचं. आईमागे ते काम माझ्याकडे आलं. तू त्या पोत्याखालीच झोपायचास, आणि जागा झालास की त्याचा ओला कोपरा तोंडात घालून चोखायचास. मी धपाटे घालायची. पुढे नर्सिंगला आले, तुला बोर्डिंगात घातलं, इथे क्वार्टर मिळालं, माझं लग्नाचं राहून गेलं, पण एक उन्हाळा असा गेला नाही की दाराला पोतं लागलं नाही. पट्ट्या शिवायचा निळा दोरा वापरायची मी त्याला. आपल्याकडे गारवा म्हणजे ओलं पोतं, हे माझ्या हातांना इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारायची गरजच पडत नसे.

आणि तुझ्या गाडीचा गारवा पेट्रोलवर चालायचा. मागच्या लोखंडी कपाटातला तो जनरेटर दोरी ओढून सुरू करायचा, मग छतावरचं मशीन घुमायला लागायचं. पण ते फक्त गाडी उभी असताना. चालत्या गाडीत जनरेटर लावायचा नाही, हा साहेबांचा नियम तू स्वतः लाल रंगाने कपाटावर मराठीत लिहिलास. मी विचारलं होतं तुला, असं का? तू मला गाडीमागून उडणारी धूळ दाखवलीस. म्हणालास, गाडी पळायला लागली की ही धूळ मागून कशी आत ओढली जाते बघ, तसाच जनरेटरच्या नळीचा धूर ओढला जाईल. धूळ दिसते तरी, त्या धुरातलं विष दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. मी मान डोलावली. नर्स ना मी! मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

मग गेल्या वर्षीचा तो दुष्काळ. करंजी घाटापलीकडे खडी फोडायचं काम होतं, आणि आपण दर शनिवारी गाडी घेऊन तिथे जायचो. गोजरबाई तुला आठवतेच. हातोडा बसून अंगठा चेचला म्हणून पट्टीला आली होती आणि पट्टी झाल्यावर उठेचना. "बाई, हितंच ठिवा मला, लई गार वाटतंय," म्हणाली, आणि भिंतीच्या पत्र्याला गाल लावून बसली. तू पुढून ओरडलास की मावशी, भाडं पडेल हं. ती केवढी हसली होती. पुढल्याच शनिवारी, एकोणीस मेला, तिची लेक चांगुणा तिला दोघांच्या आधाराने ओढत घेऊन आली. अंग कोरडं खडखडीत, डोळे वर गेलेले. ताप एकशे सहा. होतं ते सलाईन मी सकाळीच दुसऱ्या दोघींना लावून संपवलं होतं, आणि साहेब नगरला. थांबलो तर गारवा आहे पण औषध नाही, निघालो तर औषध आहे पण गारवा नाही. तशा पत्र्याच्या डब्यातून पंचवीस मैल नेली असती तर ती चांदबिबीचा महाल दिसायच्या आतच गेली असती.

मी म्हणाले, जनरेटर चालूच राहू दे आणि गाडी काढ. तू नाही म्हणालास. मी पुन्हा म्हणाले. तू पुन्हा नाही म्हणालास आणि त्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलंस. तेव्हा मी ते वाक्य काढलं. आईच्या जागी आहे मी तुझ्या, मला उलट बोलायचं नाही. आयुष्यात तीनदाच काढलं असेल ते मी, आणि तिन्ही वेळा तू ऐकलंस.  तू कामाला लागलास. ती नळी हलवून पाहिलीस, तारा आत येतात त्या भोकात चिंध्या कोंबल्यास. ड्रायव्हरची जागा आणि पेशंटची जागा यांच्यामध्ये फळीची भिंत होती, तिच्यावर बोटाने ठोकून मला दाखवलंस. म्हणालास, दर मैलाला मी तीनदा ठोकीन, तू दोनदा ठोकायचं. उत्तर आलं नाही तर मी गाडी थांबवीन. एवढी काळजी घेतलीस. आणि मग रेडिएटरला पाणी आणायला टँकरकडे गेलास.

तेवढ्यात मी काय केलं ते आता लिहिते.  मी मागे गेले. कपाटाचं जाळीचं दार तव्यासारखं तापलं होतं, फुफाटा आत चालला होता, आणि बिचारा जनरेटर धापा टाकत होता. मला वाटलं, हा वाटेत बंद पडला तर ही बाई जाईल. ह्यालाही ऊन लागायला नको. घरून आणलेलं पोतं पाण्याच्या पिंपात बुचकळलं आणि त्या जाळीवर टांगलं, कोल्हारच्या दाराला टांगायचे तस्संच. वर म्हटलं सुद्धा, घे बाबा, तूही गार हो. लोंबत्या पोत्यामागे वीतभर अंतरावर धुराच्या नळीचं तोंड होतं. मी पाहिलं होतं रे. पाहिलं, आणि काहीही वाटलं नाही. तू आलास, सरळ पुढे जाऊन बसलास, निघालो.

पहिल्या मैलाला तू ठोकलंस, मी ठोकलं. दुसऱ्यालाही. आत इतकं छान गार होतं. गोजरबाईच्या कपाळावर मला घाम दिसला आणि वाटलं, वाचली. चांगुणा म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, उन्हाचं आहे. माझंही दुखत होतं. घाट लागला तेव्हा तुझं ठोकणं ऐकू आलं, तीनदा, स्पष्ट. मला उत्तर द्यायचं होतं. हात उचलायचा म्हणजे विहिरीतून भरली घागर ओढायची असं वाटलं. मग काही आठवत नाही. जाग आली ती रस्त्याकडेच्या बाभळीखाली. चांगुणा ओकत होती. तू गोजरबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास, आणि तुझ्या बसण्यावरूनच मला कळलं.

पुढचं तुला ठाऊक आहे, मला कमी. मी आठ दिवस अंथरुणावर होते, डोक्यात नुसता भुसा. साहेबांनी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास की नियम माहीत असून मी जनरेटर लावला, सिस्टरला विचारलं नाही. मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. "मी सांगितलं त्याला" एवढे तीन शब्द बोलायला किती ताकद लागते? तेवढी होती माझ्या अंगात. पण मी डोळे मिटून पडून राहिले. तू साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवलीस आणि गेलास. आणि वाईट ऐक आता: मला तुझाच राग आला होता. वाटलं, एवढा मेकॅनिक म्हणवतो आणि धूर आत कसा आला? पोत्याची आठवण मला खरंच नव्हती. ती दुपार डोक्यातून धुऊन गेली होती.

नाताळात गोधड्या उन्हात घालायच्या म्हणून तुझी ट्रंक उघडली. तळाशी तुझ्या खाकी सदऱ्यात गुंडाळलेलं ते पोतं होतं. निळा दोरा. आणि मधोमध नळीच्या तोंडाएवढं काजळीचं गोल, कडेने करपलेलं.  सगळं आठवलं, बुचकळलेलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं ते सुद्धा. वाऱ्याने ते ओलं पोतं नळीवर बसलं आणि सगळा धूर कपाटातून आत आला. तू ते घाटातच पाहिलं होतंस. कुणी यायच्या आत काढलंस, लपवलंस, आणि मला सुद्धा सांगितलं नाहीस. जाळून का टाकलं नाहीस रे? मी खूप विचार केला. आईने शिकवलेला टाका होता म्हणून जाळवलं नसेल तुला.

तेव्हापासून साडेतीन महिने मी गप्प होते. मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणायची सोय संपली आणि तरी गप्प होते. नोकरीला पाच वर्षं उरली आहेत, रस्त्याने जाताना लोक सिस्टरबाई म्हणून हात जोडतात, ते सगळं जाईल अशी भीती वाटत होती. भित्री आहे मी, दानी. तुला वाढवताना तुला ते कधी कळू दिलं नाही, एवढंच.

मग विल्सन आला आणि म्हणाला की तू अक्काच्या डोक्याचं विचारलंस. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पोतं पिशवीत घातलं आणि एस.टी.ने करंजीला गेले. औंदा तिकडे ज्वारी बरी झाली आहे, चांगुणा खळ्यावरच होती. मी पोतं पसरून तिला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. ती त्या काळ्या गोलाकडे बघत राहिली. मला वाटलं, झाडू घेऊन मागे लागेल, तर बरं होईल. ती म्हणाली, "आई तर गेली बाई. धुरानं गेली का उनानं, त्ये द्येवाला ठावं. पन त्या डायवरदादाला म्या वरीसभर रोज शिव्या घातल्या. त्याच्या घराला कुलूप लागू दे म्हनले. त्या शिव्या आता कुनी माघारी घ्यायच्या?"  मी घरात असून आपल्या घराला कुलूपच लागलं आहे, हे तिला काय सांगू? तिने चहा विचारला नाही, आणि विचारावा असं माझंही म्हणणं नव्हतं. मी निघाले तर बांधापर्यंत मागे आली.

नगरला उतरले ती तशीच साहेबांकडे गेले आणि पोतं त्यांच्या टेबलावर ठेवलं, तू किल्ली ठेवलीस तिथेच. जनरेटर लावायला तुला मीच भाग पाडलं, हेही सांगितलं.  साहेब त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "सिस्टर, मी दानीएलला एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला सोयीचं होतं." कमिटी बसायची तेव्हा बसेल आणि ठरवायचं ते ठरवेल. तोवर पेशंटला हात लावायचा नाही, मी पट्ट्या गुंडाळत बसते. तुला खरं सांगू का, अकरा महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली.

आता पत्र का लिहिलं ते. क्षमा मागायला नाही लिहिलं. क्षमा मी तुझ्यासमोर मागेन, कागदावर मागून सुटायचं नाही मला. चांगुणा बांधावर आली तेव्हा म्हणाली, "तिथीनं आठ तारखेला आईचं वरीस हाय. त्यान्ला आना. त्येंच्या म्होरंच शिव्या माघारी घेते. तुमी बी या, पन तुमचं माजं अजून ठरलं न्हाई." म्हणून लिहिलं. आठ मे, बुधवार. रेल्वेचा संप होणार म्हणतात, तेव्हा एस.टी.नेच ये, आणि एक दिवस आधी ये. दाराला यंदा पोतं लावलेलं नाही, दुपारी घरात फार तापतं, पण मी दुपारी घरीच असते. कडी वाजवू नकोस, हाकही मारू नकोस. फळीवर ठोकायचास तसं तीनदा ठोक. या वेळी मी उत्तर देईन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
अक्का